भिंतीकडे तोंड करून

सावलीहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे पाच वाजता उभं राहिलं तर आधी माणसं दिसत नाहीत, मोबाइलचे दिवे दिसतात. ते वरखाली नाचत येतात, धापा टाकत जवळून जातात आणि अंधारात विरतात. नवख्याला वाटावं की गावात मोठी चोरी झाली आणि सगळे चोर एकाच दिशेनं पळताहेत. प्रत्यक्षात ते सगळे पोलीस असतात. म्हणजे व्हायचे असतात.

आमच्या भागात भात पिकतो, मोहफुलं गळतात आणि भरती निघते. पहिल्या दोन्हींचे महिने ठरलेले आहेत. भरतीचं तसं नाही. ती निघते तेव्हा निघते, आणि एकदा निघाली की सावली, व्याहाड, पाथरीपासून वैनगंगेपलीकडच्या गडचिरोलीपर्यंत जेवढी बारावी झालेली पोरं-पोरी आहेत, तेवढी दुसऱ्या दिवशी पहाटे रस्त्यावर असतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. मैदानी चाचणीचे एकूण गुण 50, त्यातले 20 या एका धावण्याला. आणि मुलांना ते पैकीच्या पैकी हवे असतील तर 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत संपवायला हवेत. हा आकडा इथल्या पोरांना स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा जास्त पाठ असतो. आमच्या गल्लीतल्या एकाला तर सगळे ‘पाचदहा’च म्हणतात. त्याची आईसुद्धा. “सर, आमचा पाचदहा दिसला का जी तिकडं?” असं ती मला विचारते.

पोलिसात नाही जमलं तर वनरक्षक. तिथं मुलांना 5 किलोमीटर 30 मिनिटांत धावून झालं की शेवटी 25 किलोमीटर चालायचं असतं, चार तासांत. मुलींना 16. पंचवीस भागिले चार म्हणजे ताशी सव्वासहा किलोमीटर. बैल दावं तोडून दुसऱ्याच्या बांधीत शिरल्यावर मालक ज्या वेगानं चालतो, तो हा वेग. तो चार तास टिकवायचा.

या पोरांत मी कसा शिरलो? मी गणिताचा मास्तर, वय 49, वजन 82. रक्तदाब मोजणाऱ्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं, “रोज चाला.” पण सावलीत मास्तरला चालता येत नाही. दहा पावलं टाकली की मागून मोटरसायकल येऊन थांबते. “बसा ना सर, सोडून देतो!” चालायलाच निघालोय म्हटलं तर समोरच्याला वाटतं, गेल्या वर्षी याच्या पोराला गणितात कमी गुण दिले, तो राग सर अजून धरून आहेत. मग बसावं लागतं. एका आठवड्यात मी व्यायाम म्हणून चार जणांच्या गाडीवरून सुमारे तीस किलोमीटर फिरलो. 1936 साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन सावलीत भरलं, तेव्हा गांधीजी इथं येऊन राहिले होते. वय 66, आणि रोजचं चालणं कधी न चुकवणारा माणूस. त्यांना जमलं, कारण तेव्हा गावात मोटरसायकली नव्हत्या.

धावणाऱ्याला मात्र कुणी लिफ्ट देत नाही. फार तर विचारतात, “काऊन जी सर, वाघ मागं लागला का?” हा प्रश्न इतरत्र विनोद ठरेल. आमच्याकडे तो चौकशीचा प्रश्न आहे. आमच्या वनपरिक्षेत्रात वाघ आहेत, आणि धावणाऱ्यांत एक नियम सगळे पाळतात: नीट उजाडल्याशिवाय शेवटच्या घराच्या पुढं जायचं नाही. आमच्या हिचं म्हणणं वेगळं. “अहो, वाघ मागं लागला तरी तुमचा टायमिंग काही सुधारणार नाही. उगीच त्याला कशाला आशा लावता?”

तर मी चंद्रपूरहून साडेचार हजारांचे बूट आणले. दुकानातला पोरगा म्हणाला, “सर, यात जेल आहे.” मी म्हटलं, शोभतं. एवढ्या भावी पोलिसांमध्ये पायात जेल घालून धावणारा मीच एकटा असणार. हातात लग्नातलं एचएमटी होतं. (आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात एचएमटी म्हणजे आधी तांदूळ, मग घड्याळ. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी धानाचा तो वाण शोधला, आणि त्याला नाव मिळालं त्या काळी गाजणाऱ्या घड्याळाचं. कंपनीची घड्याळं बंद पडली. भात अजून शिजतो आहे.)

आता वॉर्मअपविषयी. पोरांचा वॉर्मअप मी बारकाईनं पाहिला आहे. मान डावीकडे, मान उजवीकडे, दोन्ही हात कमरेवर ठेवून एकदा मागं वाकणं, बाजूला थुंकणं, आणि ‘चल बे’. एकूण वेळ अकरा सेकंद. त्यात थुंकण्याचे तीन. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की हेही होत नाही. रात्रभर थंडीत मांडवात गोणपाटावर बसून नाटक बघायचं, पहाटे पडदा पडला की तसंच उठायचं आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सुटायचं. नाटकातला खलनायक शेवटच्या प्रवेशात जितका आखडलेला नसतो तितकी ही पोरं पहिल्या शंभर मीटरला आखडलेली असतात. माझा वॉर्मअप याहून शास्त्रशुद्ध होता. मी बुटाची नाडी बांधायला वाकत असे.

बाराव्या दिवशी माझी उजवी नडगी बोलू लागली. आधी धावताना कुरकुर, मग जिना उतरताना तक्रार, आणि पंधराव्या दिवशी वर्गात फळ्याकडून टेबलाकडे जाताना थेट संप. नडगीच्या आतल्या कडेवर बोट दाबलं की डोळ्यांपुढं त्रिकोणमिती दिसायची.

लंगडणाऱ्या मास्तरला गावात फुकट सल्ल्यांचा तोटा नसतो. एकानं बाम सांगितला. दुसऱ्यानं मोहाच्या बियांचं तेल गरम करून चोळायला सांगितलं. तिसऱ्यानं आवाज खाली आणून सांगितलं, “सर, मोह बाहेरून लावून काय होते? आतून घ्या.” हा उपचार कुठं घ्यावा हे मात्र सावलीकराला भूगोल पाहून ठरवावं लागतं. नदीपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी. आमच्या जिल्ह्यात ती 2015 ला आली आणि 2021 ला उठली. म्हणजे एकाच नडगीला पुलाच्या अलीकडे औषध आणि पलीकडे गुन्हा. पाचदहा म्हणाला, “सर, पट्टी बांधून पळा. दुखून दुखून ते बंद होते.” त्याच्या स्वतःच्या दोन्ही नडग्यांना पट्ट्या होत्या. मी विचारलं, कधीपासून? “जाहिरात आली तवापासून.”

शेवटी एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो. कोणत्या गावी ते सांगत नाही. कारण पुढं कळेल. आत एक तिशीची मुलगी पांढऱ्या कोटात बसली होती. मला पाहून ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “नमस्ते सर! मी तुमची विद्यार्थिनी. दहावी ब.”

मास्तराला यापेक्षा आनंदाचं वाक्य नसतं. त्यापुढचं वाक्य मात्र मी इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, “सर, बूट काढा आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहा.”

मी राहिलो. तिनं टेबलाच्या खणातून एक फूटपट्टी काढली. लाकडी. माझा हात आपोआप मागं गेला. ती खाली बसली, माझ्या पायाचा अंगठा भिंतीपासून 10 सेंटिमीटरवर ठेवला आणि म्हणाली, “टाच जमिनीवरून न उचलता गुडघा भिंतीला टेकवा.” एवढंच. यात काय आहे, असं मला वाटलं. गुडघा पुढं गेला आणि टाच उचलली. टाच खाली दाबली आणि गुडघा मागं आला. दोन्ही एकाच वेळी होईनात. आमच्या शाळेतल्या दोन लिपिकांसारखं, एक जागेवर असला की दुसरा नसतो. ती अंगठा भिंतीजवळ सरकवत गेली. नऊ, आठ, सहा, पाच. तीन सेंटिमीटरवर गुडघा कसाबसा टेकला.

“उजवा तीन, डावा चार,” तिनं कागदावर लिहिलं. “दहापैकी, सर.”

माझ्याकडे याला नापास म्हणतात.

मग तिनं समजावून सांगितलं, आणि मी मान्य करतो की माझ्यापेक्षा चांगलं शिकवलं. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार एका पायावर येतो. माझे 82 किलो; अडीच पट धरा, 205. म्हणजे दोन क्विंटल. आपल्याकडच्या भाषेत, धानाची दोन क्विंटलची रास एका पायावर उतरते, लगेच उचलली जाते, आणि दुसऱ्या पायावर उतरते. माझ्या आखूड पावलांनी 1600 मीटरला दीड हजार पावलं सहज होतात. तीन हजार क्विंटल. हंगामात धान खरेदी केंद्रावर एवढा माल आला तर चार हमाल लागतात, बारदाना कमी पडतो आणि आमदारांना फोन जातो. इथं सगळं दोन नडग्यांवर चाललं होतं, आणि त्याही न विचारता.

हा भार झेलायला घोटा पुढं झुकावा लागतो, एखाद्या बिजागरीसारखा. बिजागरी गंजलेली असली की दार बंद व्हायचं थांबत नाही, ते चौकट खिळखिळी करतं. घोट्यातून न मिळालेली हालचाल पाय दुसरीकडून वसूल करतो: पाऊल आत कलंडतं, नडगीच्या आतल्या बाजूला धरलेले स्नायू दर पावलाला ओढले जातात, गुडघा आत वळतो. खुबा मागं जात नसेल तर ती वसुली कमरेकडून होते. थकबाकी एकाची, जप्ती दुसऱ्यावर.

“पण माझे घोटे असे झाले कशानं?” मी विचारलं.

“सर, दिवसातून किती वेळा उकिडवं बसता?”

मी आठवू लागलो. शाळेत खुर्ची. खुर्चीवर बसून ऑनलाइन माहिती भरणं. मुलांना शिकवण्यातून उरलेल्या वेळात पूर्वी हे करत असू, आता उलट आहे. घरी सोफा. जेवायला टेबल. मोटरसायकलची सीट. आणि 2016 साली, पुढं म्हातारपणी खाली बसता येणार नाही म्हणून दूरदृष्टीनं बसवून घेतलेला कमोड. दूरदृष्टी खरी ठरली. म्हातारपणाची वाट न पाहता खाली बसता येईनासं झालं. घोट्याची रोज सकाळची जी एकमेव तालीम होती ती मी स्वतः गवंडी लावून बंद पाडली होती, वर फरशीसुद्धा निवडली होती.

तिनं व्यायाम लिहून दिले. मोबिलिटीचे, म्हणाली. (घरी हे सांगितल्यावर ही म्हणाली, “मोबाइलचा कोर्स लावला? या वयात?”) कागद वाचत गेलो तसा घाम फुटला. पहिला: भिंतीकडे तोंड करून गुडघा टेकवणं, दर पायाला पंधरा वेळा. दुसरा: उकिडवं बसणं, टाचा जमिनीला, एक मिनिट. तिसरा: पाठ सरळ ठेवून कमरेतून ओणवं होणं. चौथा: एका पायावर उभं राहणं, जमेल तितका वेळ. पाचवा: पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली, आधी दोन्ही पायांनी, मग एकेका पायानं. सहावा: बैठका.

मी मान वर केली. ती अगदी सरळ चेहऱ्यानं बसली होती. भिंतीकडे तोंड, ओणवं, एका पायावर उभं, उठाबशा. दहावी ब च्या वर्गात मी नोकरीच्या सुरुवातीच्या काळात जे जे वाटलं होतं, ते सगळं चक्रवाढ व्याजानं माझ्या हातात होतं. फक्त कोंबडा राहिला होता.

“कोंबडा नको का?” मी विचारलं.

“पुढच्या आठवड्यात, सर.”

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर शिक्षण खात्याला पत्र जाईल. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेतली शारीरिक शिक्षा बंद केली हे उत्तम झालं. पोराला भीतीनं वाकवणं आणि पोरानं आपणहून वाकणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मी एवढंच म्हणतो की आम्ही जुन्या मास्तरांनी जगातले चांगले व्यायाम वेचून वेचून शिक्षा म्हणून वापरले आणि दोन पिढ्यांच्या मनात त्यांची अढी बसवली. उठाबशा म्हटलं की आजही माणसाचा हात कानाकडे जातो. मलखांब, दंड-बैठका आणि सूर्यनमस्कारांच्या महाराष्ट्रात ‘बैठक’ हा शब्द आता फक्त मीटिंगसाठी उरला, आणि ती खुर्चीवर बसून होते.

दुसऱ्या खेपेला मी तिला पेचात पकडायचं ठरवलं होतं. विद्यार्थिनी म्हटल्यावर थोडं ज्ञान आपणही दाखवलं पाहिजे. मी म्हटलं, “म्हणजे धावण्याआधी हे ताणायचे व्यायाम केले की इजा होत नाही, असंच ना?”

“नाही,” ती म्हणाली.

मी गप्प झालो.

2000 साली ऑस्ट्रेलियात सैन्यातल्या 1538 नव्या रंगरुटांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तिनं सांगितलं. निम्म्यांना व्यायामाआधी पायाचे स्नायू ताणायला लावले, निम्म्यांना नाही. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत इजा जवळजवळ सारख्याच. 2014 साली डेन्मार्कच्या संशोधकांनी अशा 25 अभ्यासांची, एकूण 26,610 लोकांची एकत्र मोजदाद केली. नुसत्या ताणण्यानं इजा कमी होतात असं दिसलं नाही. स्नायू बळकट करण्याच्या व्यायामानं मात्र त्या एक तृतीयांशाच्याही खाली आल्या. म्हणून घोटा मोकळा करायचा, पण तिथं न थांबता मोकळ्या झालेल्या घोट्याला कामाला लावायचं: टाचा उचलायच्या, बैठका मारायच्या, एका पायावर तोल सांभाळायचा. धावण्याआधी एका जागी उभं राहून पाय ताणत बसायचं नाही; पाय पुढं-मागं झुलवायचे, गुडघे वर उचलत चालायचं, हळू धावायचं, अंग गरम होऊ द्यायचं. आणि एवढं करूनही हमी कसलीच नाही. बीडचा अविनाश साबळे 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 9.91 सेकंदांत धावतो, पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठतो, आणि 2025 च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पडून गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेतो. पडणं कुठल्या व्यायामात बसत नाही.

“मग माझी नडगी नेमकी कशानं गेली? घोट्यानं की कमकुवत पोटरीनं?”

“घाईनं,” ती म्हणाली. “सर, पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही किती धावत होता?”

“शून्य.”

“आणि पहिल्या आठवड्यात?”

“रोज चार किलोमीटर.”

“शून्यावरून चार म्हणजे किती पट?”

गणिताच्या मास्तरला हा प्रश्न विचारू नये. शून्यानं भागता येत नाही हे मीच तिला शिकवलं होतं.

हाडसुद्धा भाराला सरावतं, पण त्याला वेळ लागतो. दम आठ-दहा दिवसांत वाढतो, हाड आठवड्यांच्या हिशोबानं चालतं. दम म्हणतो चल, हाड म्हणतं थांब, आणि माणूस ऐकतो दमाचं. मला एकदम रस्त्यावरची पोरं आठवली. वर्षभर कुणी धावत नाही. जाहिरात येते, आणि शून्यावरून थेट सकाळी पाच, संध्याकाळी पाच, डांबरी रस्ता, तळ झिजलेले बूट, आठवड्याला सात दिवस. महिन्याभरात अर्ध्यांच्या नडग्यांना पट्ट्या. या भागातल्या नडग्यांचा सगळ्यात मोठा शत्रू डांबर नाही, बूट नाही, आखडलेला घोटाही नाही. भरतीची जाहिरात आहे. ती दरवर्षी ठरलेल्या महिन्यात आली असती तर निम्मी मलमं विकली गेली नसती. हे माझं मत. सरकार ते विचारात घेईल असं नाही.

मला तीन आठवडे धावणं बंद होतं. तो जुलै होता, रोवणी जोरात. संध्याकाळी चालायला जायचो. (लंगडताना पाहून लिफ्ट देणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली होती.) एका बांधीजवळ थांबलो. गुडघाभर नाही, पण पोटरीला लागेल एवढं चिखलपाणी. बाया रांगेत, लुगडी खोचलेली, कमरेतून पार काटकोनात वाकलेल्या. पाठ पाटासारखी सरळ. डाव्या हातात रोपांची पेंडी, उजव्या हाताच्या तीन बोटांनी दोन-चार रोपं सोडवायची, चिखलात खोचायची, पाऊल मागं, पुन्हा. मागं-मागं सरकत होत्या, एकीचाही तोल जात नव्हता, आणि तोंडानं गाणं चालू होतं. माझ्या कागदावरचा तिसरा आणि चौथा व्यायाम, पाण्यात, दिवसाला आठ तास, मजुरीवर.

चहाची वेळ झाली तशी त्यातली एक सत्तरीची आजी धुऱ्यावर आली आणि पायांवर बसली. बसली म्हणजे काय, वरून खाली आली आणि तिथंच राहिली. टाचा जमिनीला, गुडघे काखेत, पाठ मोकळी, एका हातात कप. मी मनात पट्टी लावली. बारा सेंटिमीटर तरी असणार. मला राहवलं नाही. म्हटलं, “आजी, तुम्ही जे बसलात ना, तेच मला डॉक्टरनं करायला सांगितलं. पाचशे रुपये घेतले.”

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “बसाचे पाचशे?”

“हो. आणि असं ओणवं व्हायचं, तेही.”

“मंग या ना जी बांधीत, अर्दा एकर बाकी हाये.” बाकीच्या हसल्या. मग ती जरा थांबून म्हणाली, “पन गुर्जी, कंबर तं आमची बी जाते जी. राती निजता येत नाई. आमाले कोन इचारते?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजून नाही. माझ्या मोबिलिटीच्या निबंधात त्या बाया छान उदाहरण म्हणून बसत होत्या, आणि तिनं ते उदाहरण उचलून धुऱ्यावर ठेवलं. दहा मिनिटं वाकलं तर व्यायाम, आठ तास वाकलं तर रोवणी. माझी थकबाकी वापर न केल्याची, तिची अतिवापराची. जप्ती मात्र दोन्हीकडे कमरेवरच. मी धुऱ्यावर तिच्याशेजारी उकिडवा बसायचा प्रयत्न केला आणि सरळ मागं, चिखलात. तिनं मला हात देऊन उठवलं. एका हातानं. दुसऱ्या हातातला चहा सांडला नाही.

चौथ्या आठवड्यात पुन्हा रस्त्यावर आलो. पण पहाटे पाचला नाही, साडेपाचला, आणि आधी शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीपाशी. बारा मिनिटं. पोरं जाता जाता बघायची. भिंतीकडे तोंड करून मास्तर उभा, हे दृश्य त्यांना फार सुखद वाटलं असावं. दोन दिवसांत प्रेक्षक वाढले. तिसऱ्या दिवशी एकानं विचारलं, “सर, कोनं उबं केलं जी तुमाले?” मी म्हटलं, “दहावी ब नं.”

पाचदहा पाचव्या दिवशी आला, पट्ट्यांसकट. त्याचा घोटा मोजला. दोन सेंटिमीटर. वय 21. म्हणजे माझ्याहून एक कमी, आणि त्याच्या घरी कमोड नाही. कारण विचारलं तर कळलं, बारावीनंतर दोन वर्षं नागपूरला एका दुकानात काउंटरमागं उभा होता, आणि त्याआधी फुटबॉल खेळताना दोनदा पाय मुरगळला होता. दोन्ही वेळा पट्टी बांधून खेळला. त्याला मी त्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिनं दोन आठवडे धावणं बंद सांगितलं. तो म्हणाला, जीव गेला तरी नाही. त्याची आई म्हणाली, “मंग घरी बसून तांदूळ निवड.” तो बसला. चौदा दिवस घरातला भात खड्याविना होता.

आता आम्ही तीसेक जण आहोत. पोरीही आहेत, आणि खरं सांगायचं तर त्या जास्त नियमानं येतात. ताणत बसत नाही. पाय झुलवणं, गुडघे वर, हळू एक फेरी, मग धावणं. आठवड्यातून दोन दिवस धावणं नाहीच, फक्त टाचा आणि बैठका. एक दिवस काहीच नाही. तो पाळायला सगळ्यात अवघड जातो. अंतर वाढवायचं ते चिमटीनं, मिठासारखं. पट्ट्या कमी झाल्या आहेत, संपलेल्या नाहीत. माझा उजवा घोटा आठ सेंटिमीटरवर आला, डावा साडेआठ. 1600 मीटरला मला अजून 11 मिनिटं 40 सेकंद लागतात आणि त्यात सुधारणा व्हावी अशी माझी इच्छा नाही. पाचदहाचा परवाचा टायमिंग पाच चोवीस. पण नाव आता कोण बदलतो?

फक्त एक भानगड झाली आहे. ती भिंत ‘बोलकी भिंत’ आहे. जिल्हाभरातल्या शाळांसारखी आमच्याही भिंतीवर पाढे, बाराखडी आणि महाराष्ट्राचा नकाशा रंगवलेला आहे. तीस जणांचे साठ गुडघे रोज पंधरा-पंधरा वेळा एकाच उंचीवर टेकतात, आणि ती उंची नेमकी सतराच्या पाढ्याच्या शेवटच्या दोन ओळींची निघाली. सतरा नव्वे आणि सतरा दाहे पुसले गेले आहेत. शेजारी नकाशात कोल्हापूरही धूसर दिसू लागलंय; चंद्रपूर उजवीकडे वर असल्यामुळे वाचलं. मला लेखी खुलासा मागण्यात आला. मी लिहून दिलं: ‘सदर नुकसान विद्यार्थ्यांनी स्वेच्छेनं भिंतीकडे तोंड करून उभे राहिल्यामुळे झाले आहे.’

खुलासा परत आला आहे. ‘स्वेच्छेनं’ या शब्दाखाली लाल रेघ आहे आणि बाजूला प्रश्नचिन्ह.